निवडून दिलेली पळसाची पानं

वर्गात फळ्यावर काही चुकीचं लिहिलं आणि एखाद्या पोट्टीनं ते दाखवलं, तर मी तिथल्या तिथं पुसते आणि म्हणते, "शाबास, चूक माझी." बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी वीसहून जास्त वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते आहे. मॅडम तापट आहेत पण चूक कबूल करतात, असं पोरी एकमेकींना सांगतात, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. फळ्यावरची चूक कबूल करायला काय लागतं हो? एक डस्टर! जी खरी कबूल करायला पाहिजे होती ती मी केली नाही, आणि तिचा त्रास मला नाही, दुसऱ्याच बाईला झाला. तेच सांगायला बसले आहे.

सुरुवात एका स्कॅनरपासून झाली. ऑफिसात नवा आला म्हणून जुना आमच्या विभागाच्या गळ्यात पडला. त्याचं झाकण नीट बसायचं नाही, म्हणून मी त्यावर एक जाडजूड पुस्तक ठेवायची. पानांचे आकार मोजायचं एक सॉफ्टवेअर मला कुणीतरी एका कार्यशाळेत दाखवलं होतं. ओपन सोर्स. म्हणजे फुकट तर फुकटच, वर त्याची आतली सगळी मांडणी उघडी. कुणीही बघावी, पटली नाही तर बदलावी, दुसऱ्याला द्यावी. मला आधी संशयच आला. आमच्याकडं फुकटात कुणी खडूचा तुकडा देत नाही! पण दोन दिवस खटपट करून ते चालू केलं आणि मग मला त्याचं वेडच लागलं.

पान काचेवर पालथं ठेवायचं, शेजारी मोजपट्टी, वर पांढरा कागद. चित्र आलं की प्रोग्रॅम पान काळं करतो, बाकी सगळं पांढरं, आणि मुंगी चालावी तसा पानाच्या कडेकडेनं फिरून येतो. देठ कुठं आणि शेंडा कुठं हे आपण दाखवायचं. मग तो मधून रेघ मारतो, डावी बाजू उजवीवर दुमडतो आणि कुठली किती बाहेर डोकावते ते सांगतो. झाड सुखात असेल तर पानाच्या दोन्ही बाजू साधारण सारख्या भरतात. झाडाला त्रास असला, धूळ म्हणा, धूर म्हणा, तर तिरपी पानं जास्त निघायला लागतात. एकदोन तिरपी पानं कुठल्याही झाडाला असतातच. पुष्कळ पानं मोजली तरच झाड काय सोसतंय ते कळतं. म्हणून त्यात एकच मोठा नियम आहे, पानं निवडायची नाहीत. फांदी धरायची आणि ओळीनं येतील ती तोडायची. जी पानं दिली त्यांच्याबद्दल प्रोग्रॅम बोलेल. जी दिली नाहीत त्यांचं त्याला काय ठाऊक? हे मी पोरींना दरवर्षी वहीत लिहून घ्यायला लावते आणि खाली रेघ मारायला लावते.

माझं माहेर धाडच्या पलीकडं, एका खेड्यात. तिथं माझी बालमैत्रीण राहते. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पहिला नंबर तिचा, दुसरा माझा, आणि हे गावात अजून सगळ्यांना पाठ आहे. पुढं तिचं लग्न गावातल्या गावात लावून दिलं आणि मी शिकायला बुलढाण्याला गेले. मी मॅडम झाले, ती वावरात राबत राहिली. तिनं कधी त्याचा राग धरला नाही. उलट मी गेले की हातातलं काम टाकून मला बाजेवर बसवायची आणि म्हणायची, "काय वं मॅडम, अजून पानंच मोजून राह्यली का तू? म्या तं तुले तिसरीतच शिकवले होते!"

खोटं नव्हतं ते. तिच्या माहेरी पत्रावळी लावायचं काम चालायचं. गावात लग्न असो की भंडारा, पत्रावळी त्यांच्या घरून जायच्या. शाळा सुटली की ती मला पळसाखाली घेऊन जायची. पळसाच्या देठावर मधलं पान दोन्हीकडं सारखं असतं, बाजूची दोन मुळातच जरा कललेली. ती मधली पानं पत्रावळीच्या मध्यभागी लागायची. तिची आई पानावर नुसता अंगठा फिरवायची आणि एक तर मांडीवर ठेवायची, नाही तर मागं फेकायची. का फेकलं म्हणून मी विचारलं की म्हणायची, "तिरपं आहे बाई. हे बसत नाही, वरण गळते खालतून." मैत्रिणीच्या हातालाही तेच वळण लागलं. तिला पान बघावंसुद्धा लागायचं नाही, बोलता बोलता अंगठा फिरायचा आणि निवड होऊन जायची. पुढं कागदाच्या पत्रावळी आल्या, ते काम बंद पडलं. हाताचं वळण मात्र कुठं जातंय!

गावाच्या वरच्या अंगाला टेकडीवर गिट्टीची खदान आहे आणि दगड फोडायचं मशीन. बरीच वर्षं चालू आहे, पांढरी धूळ उठते, लोकांना सवय झाली आहे. दोनेक वर्षांपूर्वी मालकानं दुसरं मशीन लावायचं ठरवलं, आणि ते टेकडीखाली, माझ्या मैत्रिणीच्या वावराला लागून. तिचं वावर अडीच एकर, त्यात विहीर, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसांची रांग. मशीनला ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव पाहिजे होता. ग्रामसभेत मालकाचा माणूस म्हणाला, धुळीचं काय, एका पावसात धुऊन जाते, झाडापिकाला काही होत नाही. सगळे गप्प, कारण निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी खदानीवर कामाला. उभी राहिली ती एकटी.

"दोन सालापासून माह्या धुऱ्यावरच्या पळसाले तिरपी पानं लय निंगून राह्यली," ती म्हणाली. "मले दिसते."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, पान तिरपं निघालं म्हणून मशीन बंद करावं का बाप्पा? तेव्हा तिनं सांगितलं, "हासा. माह्यी मैतरीण कॉलेजात आहे, तिच्याजोळ पान मोजाचं मशीन आहे. ती मोजून सांगन. तिनं सांगतलं का पानं बरोबर आहेत, तं मी इरोध सोडून देईन. अन् नसन बरोबर, तं तुम्ही ठराव द्याचा नाही." सरपंचबाईंना ते पटलं आणि सभा महिनाभर पुढं ढकलली.

म्हणजे बघा, यात मला घेणारी तीच. तिचं वावर, तिची विहीर, सगळं तिनं माझ्या एका कागदावर लावलं होतं. आणि मी काय केलं, तर हुरळून गेले. ग्रामपंचायतीचं पत्र कॉलेजला आलं तेव्हा प्राचार्य स्वतः स्टाफरूममध्ये येऊन बोलले. तपासणी समिती येणार होती आणि समाजोपयोगी संशोधनाच्या रकान्यात लिहायला आमच्याकडं वृक्षारोपणाशिवाय काही नव्हतं. "मॅडम, जोरात होऊ द्या," ते म्हणाले.

पानं तोडायला मी स्वतः जायला पाहिजे होतं. पण त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल परीक्षा लागल्या. बाहेरचे परीक्षक दोन दिवस उशिरा आले, वेळापत्रकावरून माझं ऑफिसशी चांगलंच वाजलं, आणि मी रागारागात सगळ्या कामांची यादी करून एकेक उडवायला घेतलं. मला राग आला की मी अशीच कामं उरकते. तुलनेसाठी धुळीपासून लांबची पानं लागणार होती, ती मी कॉलेजमागच्या माळावरून स्वतः तोडली, नियमानं, ओळीनं. गावाला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. एसटीनं धाडपर्यंत, पुढं जीप भरायची वाट बघत बसायचं. मी सरळ फोन लावला.

"धुऱ्यावरच्या पळसाची शंभर पानं तोडून पाठव वं. मधलं मधलं घेजो."

"कशे पाह्यजे?" तिनं विचारलं.

दारात परीक्षक उभे होते. सांगायला पाच मिनिटं लागली असती. फांदी धर, ओळीनं तोड, तिरपं आलं तर तिरपंच घे, एवढंच तर सांगायचं होतं. मी म्हणाले, "तुले काय सांगा लागते पानातलं? तुले माह्यापेक्षा जास्त कळते."

ती खूश झाली. "हाव, ते तं आहे म्हणा," म्हणाली आणि हसली. मीही हसले आणि यादीतलं ते काम खोडलं.

तिसऱ्या दिवशी जीपवाल्याच्या हातून खोकं आलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, दहा-दहाच्या जुड्या, प्रत्येक जुडीला सुताचा दोरा, सगळे देठ एकीकडं. मी विभागात सगळ्यांना खोकं उघडून दाखवलं. "बघा, याला म्हणतात नमुने!" मग तीन दिवस स्कॅन करत बसले. पानामागून पान, डावी बाजू उजवीवर अशी बसत होती की फट म्हणून नाही. कॉलेजमागच्या माळावर धूळ नाही, धूर नाही, पण तिथली पानंसुद्धा यांच्यापुढं वाकडीतिकडी दिसत होती. पोरींनी असे आकडे आणले असते तर मी वही फेकून दिली असती. मला काहीच कळलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते, पण ते पूर्ण खरं नाही. एकदा मनात आलं होतं, की इतकी सारखी कशी? तेवढ्यात बेल झाली आणि मी तासाला गेले.

अहवाल लिहिला. धुऱ्यावरच्या झाडांवर धुळीचा परिणाम आढळला नाही, असा. नमुन्यांच्या परिच्छेदात लिहिलं, की प्रस्तुत अभ्यासकाने नमुने स्वतः, कोणतीही निवड न करता, गोळा केले. असं लिहायचीच पद्धत असते. माझ्या आधीच्या एका कामातून ती ओळ मी जशीच्या तशी उचलली होती. सही केली, शिक्का मारला, पाठवून दिला. मैत्रिणीला फोनवर सांगितलं.

"बरोबर आहेत म्हणतं पानं?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "बरं. चांगलंच झालं मंग."

सभेच्या दिवशी मला बोलावणं होतं. मी सकाळीच निघाले. तिच्याकडं चहा घ्यायचा आणि दोघींनी सोबत सभेला जायचं ठरलं होतं. पोचले तर ती घरी नव्हती, बायकांना सभेचं सांगायला गावात गेली होती. घरी तिची सासू. म्हातारीला ऐकू कमी येतं, पण बोलायचा उरक दांडगा. "बस माय, चहा मांडते," म्हणाली आणि चुलीपाशी बसली. कोपऱ्यातलं पोतं ओढलं, त्यातली वाळलेली पानं मूठभर काढली आणि चुलीत कोंबली. ती पळसाची पानं होती, मधली.

मी उठून जवळ गेले आणि पोत्यात हात घातला. एक पान काढलं, डावी बाजू फुगलेली, उजवी आखडलेली. दुसरं त्याच्या उलट. तिसऱ्याचा शेंडा एका अंगाला गेलेला. पोतं अर्ध्याच्या वर भरलेलं होतं. "ही कुठची पानं?" मी ओरडूनच विचारलं.

"तुह्यासाठीच तं तोडली होती न," म्हातारी फुंकर मारत म्हणाली. "सून दोन दिवस धुऱ्यावरच होती. इतके तोडले तवा कुठी शंभर चांगले भेटले. हे सारे तिरपे. म्हणे, असे कायले द्याचे मॅडमले, कॉलेजात जातीन ते, आपल्या गावची लाज जाईन. म्या म्हटलं, ठेव मंग पेटवाले."

पत्रावळीवाल्यांच्या घरची लेक ती. तिरपं पान दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यात मैत्रिणीच्या कॉलेजात जायचं म्हटल्यावर तर तिनं जीव ओतून निवडलं असणार. तुला कळतं, असं मीच तिला म्हणाले होते, आणि तिला जे कळत होतं तेच तिनं केलं होतं. तिचा सगळा पुरावा त्या पोत्यात पडला होता आणि म्हातारी त्याच्यावर मला चहा करून देत होती. मी तो चहा प्याले.

सभेला तासभर होता. तास पुष्कळ असतो. करायचं काय होतं, तर उभं राहून एवढंच म्हणायचं, की थांबा, पानं निवडलेली होती, हा अहवाल सोडून द्या, मी परत मोजते. पण मग कुणीतरी विचारणारच, की मॅडम, तुम्ही तर लिहिलंय स्वतः तोडली म्हणून? मालकाचा माणूस काही दूधखुळा नव्हता. तो कागद प्राचार्यांनी समितीच्या फाइलला लावला होता. माझी पाचावर धारण बसली. मग मी डोकं चालवायला लागले, आणि अशा वेळी माझं डोकं फार छान चालतं. पानं वाळल्यावर वाकडी होतातच की. म्हातारीला नीट आठवत नसेल. एक मशीन आहेच, दुसऱ्यानं असा काय फरक पडणार? आणि सभेत मालकाचीच माणसं जास्त, ठराव तसाही होणारच. वीस वर्षं पोरींच्या वहीत जे लिहून घेतलं ते त्या तासात मला आठवलं नाही असं नाही. सगळं आठवलं. तरी मी मूग गिळून बसायचं ठरवलं.

समाजमंदिरात सभा भरली. ग्रामसेवकानं अहवाल मोठ्यानं वाचला. स्वतः, कोणतीही निवड न करता, हे शब्द त्यानं फार सावकाश वाचले, निदान मला तरी तसे ऐकू आले. मग म्हणाला, "मॅडम, आपण दोन शब्द बोलता का?" मी उभी राहिले. बायकांच्या पहिल्याच ओळीत ती बसली होती, डोक्यावर पदर, माझ्याकडं बघून हसत. आपली मैत्रीण सभेत बोलणार याचं तिला केवढं कौतुक! मी म्हणाले, "अहवालात सगळं आलं आहे," आणि खाली बसले.

मग ती उठली. "म्या सांगतलं होतं का मैतरीण म्हणन ते मानीन," ती म्हणाली. "मले पानं तिरपी दिसत होती. पण माह्यी नजर ते काय नजर? मशीनले पानातलं आतलं दिसत असन. शिकलेल्या माणसानं तपासलं, आता कायचा इरोध? म्या मांगं घेतला." टेबलापाशी जाऊन तिनं सही केली. तिचं अक्षर अजूनही माझ्यापेक्षा चांगलं आहे.

बाहेर आल्यावर तिनं माझा हात दाबला. "बरं झालं वं तू आली. मनातला किडा गेला. उगाच त्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होती मी."

"जीप भेटन का आता?" मी विचारलं.

दुसरं मशीन दिवाळीनंतर सुरू झालं. मी गावाला जायचं टाळायला लागले. तिचे फोन मात्र यायचे. सुरुवातीला हसून सांगायची, की पाणी भरून ठेवलं की घटकाभरात वर पांढरी साय धरते, कपडे घरातच वाळत घालावे लागतात. मग हसणं कमी झालं आणि बोलता बोलता खोकला यायला लागला.

"दवाखान्यात जाऊन आली का?" मी विचारलं.

"आली न जाऊन. डॉक्टर म्हणे धुळीचं आहे. आता धूळ तं राहीनच." मग तीच मला समजावायला लागली, "पण तू मोजलं तं आहे. झाडाले काई होत नाही, तं माणसाले काय होते?"

फोन ठेवला आणि मी शिपायावर विनाकारण खेकसले. तो बिचारा खडू द्यायला आला होता. घरी जाऊन रडले. रडल्यानं कुणाचा खोकला थांबतो का? मला माझीच किळस आली.

शेवटी एका रविवारी मी कुणाला न सांगता गेले. जीप अलीकडंच सोडली आणि वावरावावरातून धुऱ्यावर पोचले. पळस पांढरे पडले होते, पान पुसल्याशिवाय हिरवं दिसेना. मी फांदी धरली आणि ओळीनं तोडत गेले, तिरपं तर तिरपं, सरळ तर सरळ. तिच्याच वावरात चोरासारखी, कुणी बघत नाही ना म्हणून मागं वळून बघत. तिच्या घरी न जाता परत आले. पुसून पुसून स्कॅन केली. पानामागून पान एका अंगाला डोकावत राहिलं. प्रोग्रॅमचा काही दोष नव्हता. पहिल्या वेळी जी पानं दिली त्यांच्याबद्दल तो खरंच बोलला होता. तिनं सभेत नुसत्या नजरेनं जे सांगितलं होतं तेच आता इतक्या उशिरा माझ्या पडद्यावर दिसत होतं.

मी नवा अहवाल लिहिला, आणि या वेळी त्यातली ओळ न ओळ खरी होती. पण तो पाठवायचा तर पहिला खोटा कसा ठरला ते सांगावं लागणार. आधी तिला सांगायचं, सगळं सांगायचं, असं ठरवून दोन्ही वेळच्या पानांची चित्रं छापून घेतली आणि गावाला गेले.

दुपारची वेळ होती. ती ओसरीवर बसली होती, तोंडाला रुमाल बांधलेला. मला बघून तिनं रुमाल खाली ओढला आणि आधी मनसोक्त शिव्या घातल्या. "मेली का काय होती वं तू? सालभर तोंड दाखवलं नाही!" मी चित्रं तिच्यापुढं मांडली. ती मुळातच हुशार. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि म्हणाली, "हे म्या धाडले ते. अन् हे?"

"हे म्या तोडले, तुह्याच धुऱ्यावरचे. न निवडता," मी म्हणाले. "निवडाचे नसतात वं. जसे येतीन तसे घ्याचे असतात. म्या तुले तेव्हा सांगतलंच नाही."

एवढं बोलले. यातलं सगळं खरं होतं. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं, की अन् हे मले सभेच्या आधीच माहीत झालं होतं.

ती चित्रांकडं बघत राहिली. "म्हंजे म्या जे फेकले, त्याच्यातच होतं सारं?"

"हाव."

"पोतंभर होते वं," ती म्हणाली. "पोतंभर. आमी चुलीत घातले." मग मान वर करून तिनं विचारलं, "तुले कधी समजलं?"

आतून सासूच्या भांड्यांचा आवाज येत होता. म्हातारीला ऐकू येत नाही याचं मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

"आत्ता," मी म्हणाले. "याच महिन्यात."

ती रडायला लागली. तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, तिच्या लग्नातसुद्धा नाही. मला वाटलं वावरासाठी रडते आहे, विहिरीसाठी रडते आहे. "तुह्यं नाव खराब केलं म्या," ती म्हणाली. "तू इश्वासानं म्हटलं का तुले कळते, अन् म्या शहाणीनं निवडून देले. येत्या सभेत मी उभी राहीन. साऱ्या गावासमोर सांगीन का निवडले ते म्या, मॅडमची काई चूक नाही. तू स्वतः तोडले असं लिहिलं आहे न त्याच्यात? ते इचारलं कोणी, तं सांगीन का तू सोबत होती, फांदी तूच धरली होती. तुह्यावर बोट उठू देणार नाही मी." तिला खोकल्याची उबळ आली. ती दोन्ही हातांनी छाती धरून वाकली. थांबली, डोळे पुसले, आणि माझा हात हातात घेतला.

"माफ करशीन न वं मले?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"केलं," मी म्हणाले.